ध्रुव आणि अध्रुव

गेल्या ज्येष्ठांत, मृग नक्षत्र लागून आठ दिवस झाले तरी आभाळांत ढग नाहीं अशा एका दुपारीं, आमच्या ज्येष्ठ चिरंजीवांचें अमेरिकेहून पत्र आलें. पत्र आलें तें मोबाइलवर. परंतु तीं बारीक अक्षरें आमच्या डोळ्यांस सोसत नाहींत, म्हणून पुतण्यानें बाजारांत जाऊन तीं दोन पानें छापून आणिलीं. चिरंजीव तेथें पंधरा वर्षें नोकरींत आहेत. वेतन चांगलें, घर स्वतःचें, सूनबाईही तेथेंच अध्यापनाचें काम करतात. असें असतां पत्रांत त्यांनीं लिहिलें होतें कीं, नोकरी सोडून नागपुरास परत यावें आणि हळद, कापूस, सोयाबीन यांच्या खरेदी-विक्रीचा हिशेब शेतकऱ्यास व अडत्यास सारखाच दिसेल अशी आज्ञावली, म्हणजे ज्यास हल्लीं सॉफ्टवेअर म्हणतात तें, तयार करणारी एक लहानशी कंपनी काढावी, असें उभयतांच्या मनांत आहे. भांडवल ते आपल्याच शिलकेंतून घालणार. आमच्याजवळ त्यांनीं पैसा मागितला नव्हता. अनुज्ञा मागितली होती; आणि शिक्षकांच्या पतपेढीचे हिशेब आम्हीं पुष्कळ वर्षें पाहिले असल्यामुळें पहिलीं दोन वर्षें कीर्द-खतावणीवर आम्हीं नजर ठेवावी, एवढी विनंती केली होती.

आम्हीं त्याच रात्रीं उत्तर लिहावयास घेतलें. आरंभींच तें सर्वांस ठाऊक असलेलें सुभाषित घातलें: जो निश्चित असलेलें टाकून अनिश्चिताच्या मागें लागतो, त्याचें निश्चित तें नष्ट होतें, आणि अनिश्चित तर नष्ट झालेलेंच असतें. ध्रुव आणि अध्रुव हे दोन शब्द आम्हीं सदतीस वर्षें शाळेंत मुलांकडून घोकून घेतले, आणि घरांतही ते आमच्या तोंडीं नेहमीं असत. पत्र पूर्ण झालें, पुतण्याच्या हवालीं करावयाचें तेवढें राहिलें. तें आम्हीं पाठविलें नाहीं. कां पाठविलें नाहीं, हें सांगतांना एका उद्योगी गृहस्थाचें चरित्र थोडक्यांत सांगावें लागेल, आणि आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्टही.

आम्ही मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. संस्कृत तेवढें वडिलांजवळ व पुढें पाठशाळेंत शिकलों. तेव्हां संगणकाच्या धंद्याविषयीं आम्हीं लिहावें हें वाचकांस विपरीत वाटेल. परंतु त्या धंद्याशीं आमची ओळख झाली ती संस्कृतामुळेंच. गतवर्षीं माघांत डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं आम्ही नागपुरास गेलों होतों. आमची पुतणी तेथें परसोडीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतींत एका कंपनींत नोकरी करते. पट्टी निघाल्यावर एके संध्याकाळीं तिनें आम्हांस आपली कचेरी बाहेरून दाखविली, आणि नवीन डोळ्यांनीं आम्हीं जें पहिलें नांव वाचलें तें होतें: गार्गी-मैत्रेयी. आम्ही तेथेंच थांबलों. जनकाच्या सभेंत याज्ञवल्क्यास प्रश्नावर प्रश्न विचारणारी गार्गी, आणि नवरा संपत्तीची वांटणी करूं लागला तेव्हां, जिच्यायोगें मी अमर होणार नाहीं ती संपत्ति घेऊन करूं काय, असें विचारणारी मैत्रेयी! बृहदारण्यक उपनिषदांतील ह्या दोघी परसोडीच्या माळावर कशा आल्या, असें आम्हीं पुतणीस विचारलें. ती म्हणाली, “मोठे काका, आमच्या सगळ्या इमारतींचीं नांवें अशींच आहेत.” पुण्यास सेनापती बापट रस्त्यावर भगीरथ आहे, एरंडवण्यास आर्यभट-पिंगल आहे, हिंजवडीस रामानुजन आहे, आणि गोव्यांत वेर्ण्यास भास्कर व चरक आहेत.

ह्यांपैकीं पिंगलाचें नांव ऐकून आम्हांस विशेष संतोष झाला. पिंगलाचें छंदःशास्त्र आम्ही शिकलों आहों. त्यांत अक्षरें दोनच प्रकारचीं, लघु आणि गुरु. तीन अक्षरांचा एक गण घेतला तर लघु-गुरूंच्या आठ मांडण्या होतात, त्याहून एक अधिक नाहीं कीं एक उणी नाहीं. तेच आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. सहा अक्षरांचा चरण घेतला तर चौसष्ट मांडण्या होतात, आणि त्या सर्व ओळीनें कशा लिहून काढाव्या याची रीत, म्हणजे प्रस्तार, पिंगलानें सांगून ठेविली आहे. पुतणीनें सांगितलें कीं संगणकाच्या पोटांतही खुणा दोनच, शून्य आणि एक. त्यांच्याच मांडण्यांनीं अक्षर, आंकडा, चित्र, गाणें सर्व कांहीं लिहिलें जातें. ह्यावरून आपल्या पूर्वजांनीं संगणक केला होता असें कोणीं म्हणूं नये. त्यांनीं तो केला नव्हता. परंतु वृत्तांचे गण ज्यास कळले आहेत त्यास संगणकाचें हें मूळ तत्त्व समजण्यास अडचण पडूं नये, एवढें आम्हांस त्या दिवशीं कळलें, आणि ह्या विद्येविषयीं मनांत जो परकेपणा होता तो थोडा कमी झाला.

ही कंपनी म्हणजे पर्सिस्टंट सिस्टिम्स, आणि तिचे संस्थापक डॉ. आनंद देशपांडे. त्यांचें बालपण भोपाळास गेलें. १९५६ सालीं तेथें सरकारनें विजेचीं अवजड यंत्रें करणारा कारखाना काढला, तो पुढें भेल ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. आनंदरावांचे वडील सुरेश पुरुषोत्तम देशपांडे त्या कारखान्यांत अभियंते होते. मुलगा खरगपूरच्या आय. आय. टी. त गेला. ही आपल्या देशांतील पहिली आय. आय. टी., १९५१ सालीं हिजळीच्या बंदीशाळेच्या इमारतींत सुरू झालेली. तेथें संगणकशास्त्राची पदवी त्यांनीं १९८४ सालीं घेतली आणि अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठांत जाऊन १९८९ सालीं डॉक्टर झाले.

त्यांच्या संशोधनाचा विषय मोठ्या माहितीचे साठे कसे रचावे हा होता. तो आम्हांस पुतणीनें जसा समजाविला तसा सांगतों. शाळेंत दाखल-खारीज रजिस्टर असतें. त्यांत आडव्या ओळी व उभे रकाने असतात, आणि एका रकान्यांत एकच गोष्ट लिहावयाची असते: नांव, जन्मतारीख, मागील शाळा. संगणकांतील माहिती अशाच तक्त्यांत ठेवावी ही कल्पना कॉड नांवाच्या शास्त्रज्ञानें १९७० सालीं मांडली, आणि एका रकान्यांत एकच नोंद हा तिचा नियम होता. आतां आमच्यासारख्या एकत्र कुटुंबाची नोंद त्यांत करावयाची म्हटलें तर पंचाईत! एका घराण्याच्या ओळींत चार भाऊ, एकेका भावाच्या पोटीं तीन मुलें, एकेका मुलाच्या चार इयत्ता. रकान्याच्या आंत दुसरा सबंध तक्ता, त्याच्या रकान्यांत तिसरा, अशी रचना केली तर ती संगणकाकडून नीट चालवून कशी घ्यावी, ह्यावर देशपांड्यांनीं आपल्या गुरूंबरोबर काम केलें आणि तें १९८८ सालीं एका जागतिक परिषदेंत मांडलें. घराण्यांत कुटुंब व कुटुंबांत माणूस हें चित्र ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्यास हा विषय रुक्ष वाटणार नाहीं.

डॉक्टर झाल्यावर कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथें ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधनशाळेंत त्यांना जागा मिळाली. संगणकाची विद्या शिकलेल्यास याहून चांगली जागा त्या काळीं क्वचितच असेल. सुभाषितांतील ध्रुव म्हणतात तें हेंच. ती जागा सोडून ते परत आले आणि १९९० सालच्या मे महिन्यांत पुण्यास त्यांनीं पर्सिस्टंट सिस्टिम्स ह्या कंपनीची स्थापना केली. पर्सिस्टंट ह्या शब्दाचा आपण चिकाटीचा असा अर्थ करतों, आणि तो लागूही पडतो. परंतु संगणकशास्त्रांत त्याचा आणखी एक अर्थ आहे. यंत्र बंद केलें असतां जी माहिती पुसली न जातां टिकून राहते ती पर्सिस्टंट. अमरकोशाच्या भाषेंत बोलावयाचें तर स्थिर, शाश्वत, ध्रुव. नोकरीचें ध्रुव सोडून निघालेल्या माणसानें आपल्या धंद्याचें नांवच ध्रुव ठेवावें, हें वाचून आम्हांस क्षणभर हसूं आलें.

तो काळ कसा होता तें आजच्या तरुणांस ठाऊक नाहीं. दूरध्वनीसाठीं अर्ज करून वर्षेंच्या वर्षें वाट पाहावी लागे. परदेशाहून संगणक आणावयाचा तर परवाने आणि जकात. पुढच्याच वर्षीं, १९९१ सालीं, देशाजवळचें परकीय चलन इतकें आटलें कीं सरकारास सोनें परदेशीं गहाण ठेवावें लागलें. त्यानंतर जुलै महिन्यांत नवें औद्योगिक धोरण आलें आणि बंधनें सैल झालीं. म्हणजे देशपांड्यांनीं धंदा काढला तो बंधनें सैल होण्यापूर्वीं एक वर्ष. पुण्यांत मात्र ह्या विद्येचें वारें वाहूं लागलें होतें. आमच्या वऱ्हाडांतील, अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे डॉ. विजय भटकर १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेचे प्रमुख म्हणून तेथेंच काम करीत होते, आणि १९९१ सालीं त्यांच्या हाताखालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. भटकरांच्या पाठीशीं सरकार होतें. देशपांड्यांच्या पाठीशीं घर होतें.

घर होतें असें आम्ही म्हणतों तें उगीच नव्हे. ह्या कंपनीच्या उभारणींत आनंदरावांचे वडील सुरेशराव आरंभापासून सामील होते. पुढें ते संचालक मंडळावर होते, आणि वीस वर्षांनंतर लोकांस भाग विकण्याची वेळ आली तेव्हां कंपनीचे प्रवर्तक म्हणून पितापुत्र दोघांचींही नांवें होतीं. पुतणीनें हें सांगितलें तेव्हां ते आमच्या ध्यानांत आलें नाहीं. चिरंजीवांस उत्तर लिहून झाल्यावर रात्रीं अंथरुणावर पडलों असतां आलें. मोठ्या कारखान्यांत उभा जन्म नोकरी केलेल्या एका बापानें, परदेशांतील उत्तम जागा सोडून आलेल्या मुलास, हें काय केलेंस असें न विचारतां, त्याच्या नांवाशेजारीं आपलें नांव लिहिलें होतें. आणि आम्हीं त्याच संध्याकाळीं सुभाषित लिहिलें होतें.

आतां आमच्या घरची गोष्ट. तें वर्षही १९९०, आणि महिनाही मेच. आमचे धाकटे बंधु त्या वेळीं पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. यवतमाळास वायरमनचें शिक्षण घेऊन ते परत आले होते. पोफाळीच्या साखर कारखान्यामुळें आमच्या भागांत उंसाची लागवड वाढली होती, विहिरी-विहिरींवर विजेचे पंप बसले होते, आणि दर उन्हाळ्यांत विजेच्या कमी-जास्त दाबानें मोटारी जळत. जळलेली मोटार पुन्हा तांब्याची तार भरून घेण्यासाठीं शेतकऱ्यास पुसदेस नाहींतर नांदेडास न्यावी लागे, आणि तोंवर उभें पीक वाळे. बंधूंच्या मनांत उमरखेडासच हा धंदा काढावयाचें होतें. अठरा हजार रुपये लागत होते. त्यासाठीं दोन एकर रान गहाण ठेवावें असें त्यांनीं सुचविलें. तीर्थरूप वारून दोन वर्षें झालीं होतीं, घराची कर्तेपणाची जबाबदारी आमच्यावर होती. त्याच सुमारास एका कचेरींत कारकुनाची जागा त्यांना मिळण्यासारखी होती. आम्हीं त्यांना ओसरीवर बसवून तोच श्लोक अर्थासह सांगितला. ते कांहीं बोलले नाहींत. पुढच्या महिन्यांत नोकरीवर रुजू झाले आणि बत्तीस वर्षें इमानानें कारकुनी करून २०२२ सालीं निवृत्त झाले.

त्यांनीं आम्हांस कधीं एका शब्दानें बोल लाविला नाहीं. परंतु तार गुंडाळण्याचें एक हातयंत्र त्यांनीं त्या वेळींच विकत आणलें होतें, तें माजघराच्या कोपऱ्यांत अजून आहे. आळींतल्या कोणाचा पंखा बंद पडला, कोणाचा पंप जळला, कीं संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर ते तें यंत्र बाहेर काढीत आणि फुकट तार भरून देत. त्या वेळीं त्यांचा चेहरा जसा दिसे तसा कचेरींतून परत येतांना आम्हीं कधीं पाहिला नाहीं. हें आम्ही बत्तीस वर्षें पाहत होतों, आणि त्याचा अर्थ लावण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं.

देशपांड्यांच्या चरित्राकडे परत जाऊं, कारण तें पुढें जलद धांवलें असें कोणीं समजूं नये. त्यांनीं जो मार्ग धरला तो सोपा नव्हता. त्या काळीं पुष्कळ कंपन्या आपलीं माणसें परदेशीं पाठवून तेथील पेढ्यांचे जुने संगणक चालवून देत. त्यांत पैसा लवकर येई. देशपांड्यांनीं दुसऱ्या कंपन्या ज्या आज्ञावल्या आपल्या नांवानें विकतात त्यांचे आंतले भाग घडवून देण्याचें काम निवडलें. तांबटानें हंडा घडवावा आणि त्यावर नांव विकणाऱ्याचें कोरलें जावें, तसें हें काम. ह्यांत कीर्ति थोडी, परंतु हात तयार होतो, आणि एकदां विश्वास बसला कीं गिऱ्हाईक सहसा सोडून जात नाहीं. अशीं वीस वर्षें गेल्यावर २०१० सालच्या मार्च महिन्यांत कंपनीनें आपले भाग लोकांस देऊं केले. एका भागाची किंमत ३१० रुपये ठरली, आणि जेवढे भाग होते त्यांच्या नव्वद पटींहून अधिक मागणी आली. २०१९ सालीं मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचें काम त्यांनीं दुसऱ्याच्या हातीं दिलें व आपण अध्यक्षपदीं राहिले. स्वतः लाविलेल्या झाडाची राखण दुसऱ्यास करूं देणें हें कर्त्या पुरुषास किती जड जातें, तें कोणत्याही घरच्या वडील माणसानें आपल्या मनास विचारावें. २०२२-२३ ह्या वर्षीं कंपनीचें उत्पन्न शंभर कोटि डॉलरच्या पुढें गेलें, आणि त्या सुमारास तिच्यांत २२ हजारांहून अधिक माणसें काम करीत होतीं.

ह्या आंकड्यांपेक्षां आम्हांस एक लहान गोष्ट अधिक लागली. देशपांडे दांपत्यानें पुण्यास ‘दे आसरा’ ह्या नांवाची एक संस्था काढली आहे. नवा धंदा काढणाऱ्या किंवा आहे तो वाढविणाऱ्या लहान व्यावसायिकांस, म्हणजे खानावळ चालविणाऱ्या बाईस, शिंप्यास, दुरुस्तीचें दुकान काढणाऱ्या मुलास, परवाना कसा काढावा, कर्जाचा कागद कसा करावा, हिशेब कसा ठेवावा ह्यांत ती साहाय्य करते. आमच्या बंधूंस १९९० सालीं असें सांगणारा कोणी नव्हता. एक आम्ही होतों, आणि आम्हांस सुभाषित पाठ होतें.

येथें वाचक आम्हांस थांबवून म्हणतील, एका यशस्वी माणसाचें चरित्र वाचून आपल्या मुलास उडी घ्यावयास सांगणें हें शहाणपण नव्हे. हा आक्षेप खरा आहे. जे बुडाले त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. शिवाय परत येण्यांतच पुरुषार्थ आहे असेंही नाहीं. १९४४ सालीं जमशेदपुरास जन्मलेले डॉ. सुहास पाटील हेही खरगपूरचेच पदवीधर. ते अमेरिकेंत एम. आय. टी. मध्यें १९७० सालीं डॉक्टर झाले, तेथें व पुढें यूटा विद्यापीठांत प्राध्यापक होते. १९८१ सालीं प्राध्यापकी सोडण्याइतका विश्वास धरून त्यांनीं स्वतःची कंपनी काढली, तीच पुढें सिरस लॉजिक नांवानें प्रसिद्ध झाली. ते तेथेंच राहिले, आणि १९९२ सालीं तेथील हिंदी उद्योजकांनीं नव्यांस आधार देण्यासाठीं ‘टाय’ ही संस्था स्थापिली तिचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हां गांव कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. निश्चित सोडण्याचें धैर्य कोणाच्या आधारावर करावयाचें, हा प्रश्न मुख्य आहे.

महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीं एकदां दिलें गेलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. आमच्याच जातीचे, म्हणजे मास्तर! ती नोकरी सोडून ते बेळगांवास सायकलींच्या दुकानांत गेले. दुकान वडील बंधु रामुअण्णा ह्यांच्या जोडीनें चाललेलें. लोखंडी नांगर केला तर लोखंडानें जमीन नासते ह्या समजुतीनें तो कोणी घेईना. पहिले नांगर पुष्कळ दिवस पडून राहिले. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली तेथपर्यंतचा काळ त्या कुटुंबानें कसा काढला असेल! कंपनीचें नांव त्यांनीं ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ठेविलें, तें आजही चालत आहे. एक भाऊ यंत्राशीं झुंजत असतां दुसऱ्या भावानें दुकान सांभाळलें, हें त्या नांवांतच लिहिलेलें आहे. एकत्र कुटुंब मोडलें म्हणून आपण हळहळतों. परंतु तें होतें तेव्हां त्याचा उपयोग आपण काय केला? मुलगा पडला तर त्यास झेलावयास चार हात आहेत म्हणून त्यास चढूं द्यावें, कीं चार हात आहेत म्हणून त्याचे पाय धरून ठेवावे? आमच्या घरांत आम्हीं दुसरें केलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं न पाठविलेलें पत्र बंधूंच्या हातीं दिलें आणि वाचावयास सांगितलें. घरांतील सर्व मंडळी ओसरीवर होती. बंधूंनीं पहिल्या चार ओळी वाचल्या आणि कागदाची घडी घातली. ते म्हणाले, “दादा, हा श्लोक मला पाठ आहे.”

एवढेंच बोलले. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. परंतु आम्हांस वर पाहवेना. कांहीं वेळानें आम्हीं त्यांना म्हटलें कीं, त्या वेळीं आमची चूक झाली. दोन एकर रान गेलें असतें तरी चाललें असतें. आतां तरी पुढल्या सोप्यांत दुकान मांडावें. ते हसून म्हणाले, “आतां बारीक तार दिसत नाहीं, दादा. तेवढं राहूं दे. पण त्याला येऊं दे.”

आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना कमी ऐकूं येतें, म्हणून पत्रांतील मजकूर त्यांना मोठ्यानें सांगावा लागला. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “पैसे मागत नाहीं म्हणतो ना? वह्या तूं बघशील कीं नाहीं, एवढंच त्यानं विचारलंय. त्याचं उत्तर दे.”

तें उत्तर आम्हीं दिलें. पत्रांत सुभाषित घातलें नाहीं. लिहिलें तें असें: खुशाल यावें. पहिलीं दोन वर्षें कीर्द-खतावणी आम्ही पाहूं. संगणकावर ती कशी लिहितात तें पुतणीकडून शिकूं. किती पैसा घालावयाचा त्याची एक मर्यादा आजच ठरवून लिहून ठेवावी, आणि ती आली कीं थांबावें; घरचें रान व राहता वाडा ह्यांस हात लावूं नये. तीन वर्षांत धंदा उभा न राहिला तर लाज न धरतां उमरखेडास यावें. मागच्या दोन खोल्या झाडून घेतल्या आहेत, आणि त्या अपयश घेऊन येणाऱ्यासाठींही तेवढ्याच आपल्या आहेत.

तें सुभाषित खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यानें तें लिहिलें तो अनुभवी पुरुष असला पाहिजे. परंतु ध्रुव कशास म्हणावें हें आम्हांस बासष्ट वर्षें कळलें नव्हतें. आम्ही नोकरीस ध्रुव समजत होतों. आम्ही नोकरी संपवून घरीं बसलों आहों, बंधूंचीही संपली; राहिलें आहे तें घर. तें जर स्थिर असेल, तर त्याच्या आधारावर घरांतील एखाद्यानें अध्रुवाच्या मागें जावें, आणि इतरांनीं मागें राहून त्याचा दिवा लावून ठेवावा. तसें केलें असतां ध्रुव टाकल्याचा दोष येत नाहीं. ज्या घरांत आज एखादा मुलगा, मुलगी किंवा धाकटा भाऊ कांहीं नवें काढण्याविषयीं भीत भीत बोलत असेल, त्या घरच्या वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, श्लोक म्हणण्यापूर्वीं त्यानें नक्की काय मागितलें आहे तें एकदां नीट ऐकावें. मर्यादा घालावी, हिशेब मागावा, प्रश्न विचारावे. गार्गीनें विचारले तसे विचारावे. आणि नंतर त्याच्या शेजारीं बसावें.

चिरंजीव कार्तिकांत येत आहेत. आम्ही पुतणीकडून संगणकावर कीर्द लिहावयास शिकत आहों; बोटें अजून अक्षरें शोधीत फिरतात. तोंवर सोय म्हणून एक लाल कापडी बांधणीची वही बाजारांतून आणून ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलें आहे, आणि खालीं नांवें लिहिलीं आहेत: चिरंजीवांचें, सूनबाईंचें, आणि बंधूंच्या आग्रहावरून, शेवटीं, आमचें.